चरबीचा निरोप, हाडाचे उत्तर

कोवळ्या बोकडाच्या मांडीचे हाड नीट शिजले की त्याच्या टोकाची गोल टोपी अलगद सुटून येते. जून जनावराची सुटत नाही. टोपी आणि दांडा यांच्या मधे कूर्चेचा एक पातळ थर असतो, तो शिजताना मऊ पडतो आणि सांधा उकलतो. हाडाची लांबी वाढते ती याच थरात. वाढ पुरी झाली की तो थर हाडात विरून जातो आणि टोपी कायमची चिकटते. त्याच हाडाची नळी फोडली की आत मगज मिळतो, पिवळसर, तुपकट. त्यात बराचसा भाग चरबीचाच. टोपीखालची कूर्चा, भोवतीचे कठीण हाड आणि पोकळीतली चरबी या तिघांची गाठ किती घट्ट आहे, हे शास्त्राला गेल्या पाव शतकात उमगले. या पुस्तकाचा विषय ती गाठ आहे, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला त्यात पाऊल टाकायला यापेक्षा जवळचे दार नाही.

चरबी म्हणजे साठवण, असे आपण शाळेत शिकलो. जास्तीचे खाल्ले ते तिथे जमते, उपास पडला की तिथून निघते. पण चरबीच्या पेशी रक्तात संप्रेरकेही सोडतात. त्यांतले सर्वांत अभ्यासलेले संप्रेरक म्हणजे लेप्टिन. त्याची कथा १९४९ साली अमेरिकेतल्या बार हार्बर गावच्या जॅक्सन प्रयोगशाळेत सुरू झाली. तिथे उंदरांच्या एका वंशात भलतेच लठ्ठ, सतत खाणारे आणि वंध्य उंदीर जन्माला आले. पुढे डग्लस कोलमन यांनी लठ्ठ आणि सडपातळ उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडून पाहिले आणि ताडले, की या लठ्ठ उंदरांच्या रक्तात ‘पुरे झाले’ असे मेंदूला सांगणारा काहीतरी पदार्थच नाही. तो पदार्थ आणि त्याचे जनुक १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधले. सोळा हजार डाल्टन वजनाचे एक छोटेसे प्रथिन. अंगात चरबी जितकी अधिक, तितके रक्तात ते अधिक. आणि तेवढ्याच चरबीच्या पुरुषापेक्षा स्त्रीत अधिक.

सुरुवातीला सगळ्यांना वाटले, लठ्ठपणावर औषध सापडले. तसे झाले नाही, कारण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, मेंदूच ते ऐकेनासा होतो. लेप्टिनचे खरे काम दिसते ते उपासमारीत. खाणे तुटले की अंगावरची चरबी आटायच्या आधीच, दिवस-दोन दिवसांत, लेप्टिनची पातळी झपाट्याने उतरते. मग प्रजनन थांबते, थायरॉइड मंदावते, वाढ खोळंबते. पेवात दाणे किती उरलेत याचा अंदाज घेऊनच शेतकरी घराण्यात नवी खोली बांधायची की लेकीचे लग्न पुढच्या साली ढकलायचे हे ठरायचे. शरीर लेप्टिनकडे बघून तसाच हिशेब करते. शरीराच्या बांधकामात मूल आणि हाड या दोन्ही मोठ्या खर्चाच्या गोष्टी. म्हणून चरबीच्या संप्रेरकाचा हाडाशी संबंध असणे हे पुढे कळल्यावर कुणालाच अघटित वाटले नाही. अघटित होती ती संबंधाची दिशा.

ते सांगण्याआधी हाडाविषयी थोडे. हाड निर्जीव खांब नाही, ते जन्मभर मोडते आणि पुन्हा बांधले जाते. बांधणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, जुने हाड विरघळवणाऱ्या त्या ऑस्टिओक्लास्ट, आणि हाडाच्या आतच गाडून घेऊन ताण जोखत बसणाऱ्या त्या ऑस्टिओसाइट. पहिल्या जातीच्या पेशी मज्जेतल्या, म्हणजे त्या मगजातल्या, मूळपेशींपासून बनतात, दुसऱ्या रक्तपेशींच्या कुळातल्या असतात. विरघळवणाऱ्या पेशी कशा घडतात आणि त्यांना कोण आवरते, यावर पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या प्रयोगशाळेने दीर्घकाळ काम केले. इंटरल्यूकिन-३ हा रेणू त्यांची घडण रोखतो हे त्यांनी दाखवले. हाडाच्या पेशींवरचे मूलभूत संशोधन परदेशातच होते असा आपल्या विद्यार्थ्यांचा समज असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता २००० सालाकडे. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने, पॅट्रिशिया ड्युसी या पहिल्या लेखिका असलेला, एक निबंध प्रसिद्ध केला. लेप्टिन नसलेल्या त्या लठ्ठ उंदरांमध्ये लैंगिक संप्रेरके कमी असतात आणि कॉर्टिकोस्टेरॉइड संप्रेरक जास्त असते. दोन्हींनी हाड झिजायला हवे. प्रत्यक्षात त्यांच्या मणक्यांतले हाड नेहमीपेक्षा दाट निघाले! मग थेट मेंदूच्या पोकळीत लेप्टिन सोडले, आणि हाड घटले. म्हणजे चरबीचे संप्रेरक मेंदूमार्गे हाडाची बांधणी रोखते. दोन वर्षांनी शू ताकेदा आणि सहकाऱ्यांनी वाटही दाखवली : मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून अनुकंपी चेतासंस्था, तिच्या तंतूंतून नॉरअॅड्रेनॅलिन, आणि ऑस्टिओब्लास्टवरचा बीटा-२ ग्राहक, म्हणजे तो निरोप पकडणारा रेणू. रक्तदाबासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल दिले की उंदरांचे हाड वाढले. २००९ मध्ये याच गटात काम करणारे भारतीय संशोधक विजय यादव यांनी या साखळीत मेंदूतल्या सेरोटोनिनची कडी बसवली. मेंढ्यांच्या मेंदूत लेप्टिन सोडले तरी हाड घटते, हे २००६ मध्ये दिसले. उंदीर ते मेंढी, इतका पल्ला गाठल्यावर बात पक्की झाली असे वाटणे स्वाभाविक होते.

ती पक्की झाली नाही, आणि म्हणूनच हे क्षेत्र शिकण्यासारखे आहे. जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे मार्क हॅमरिक यांनी त्याच लठ्ठ उंदरांचे मणके आणि मांड्या वेगवेगळ्या मोजल्या. मणक्यात हाड अधिक, हे खरे. पण मांडीचे हाड आखूड, बारीक, खनिजाने हलके आणि मज्जेत चरबीच्या पेशींनी गच्च. २००४ चा हा निबंध मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देतो. प्रयोगशाळेत एकच हाड मोजून ‘हाड वाढले’ असे लिहिणे किती धोक्याचे, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके कुठल्या पाठ्यपुस्तकातून होत नाही. ऑरेगॉनचे रसेल टर्नर तर आणखी पुढे गेले. त्यांचे म्हणणे, रक्तातून थेट हाडाकडे जाणारे लेप्टिन बांधणीला मदतच करते; मेंदूची वाट नेहमीच्या शरीरात तेवढी प्रभावी नसावी. दोन्ही बाजूंकडे चांगले पुरावे आहेत. माझे मत विचाराल तर दोन्ही वाटा खऱ्या आहेत, आणि कुठली वाट वरचढ ठरते हे वय, लिंग, कुठले हाड, पोटात अन्न किती आणि लेप्टिनची मात्रा किती यांवर ठरते. मेंदूत सोडलेल्या मात्रेचा निष्कर्ष रक्तातल्या नैसर्गिक पातळीला सरसकट लावणे ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट गफलत आहे.

मज्जेत शिरलो तर गुंता आणखी वाढतो, आणि मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मज्जेतल्या मूळपेशीपुढे दोन रस्ते असतात : ऑस्टिओब्लास्ट व्हायचे की चरबीची पेशी. एका रस्त्याला लागली की दुसरा बंद. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये माणसाच्या मज्जेतल्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांना लेप्टिन दिले, तेव्हा त्या हाडाच्या रस्त्याला लागल्या आणि चरबीच्या रस्त्यापासून दूर राहिल्या. सरळ, समजायला सोपा निष्कर्ष. पुढे डॅलसमध्ये शॉन मॉरिसन यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये दाखवले, की प्रौढ उंदराच्या मज्जेतून जे नवे हाड बनते ते मुख्यत्वे लेप्टिनचा ग्राहक अंगावर बाळगणाऱ्या मूळपेशींपासूनच. मग त्यांनी २०१६ मध्ये जिवंत उंदरांच्या या पेशींमधून तो ग्राहकच काढून टाकला. मेयोच्या प्रयोगावरून वाटेल, हाड घटेल. घडले उलट : हाडाची बांधणी वाढली आणि चरबी घटली. काचपात्रातली पेशी आणि शरीरातली पेशी एकाच निरोपाला विरुद्ध उत्तर देते. कारण काय? पात्रात रक्त नाही, नसा नाहीत, शेजारची चरबी नाही, वयाचा इतिहास नाही. नव्या अभ्यासकाने या जागी घाई करू नये. इथे थांबून दोन्ही निबंधांच्या पद्धती ओळीने वाचाव्यात. शरीरक्रियाशास्त्राचे अर्धे शहाणपण त्यात आहे.

मज्जेतली चरबी अंगावरच्या चरबीच्या मागे मागे चालत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. अन्न नाकारणाऱ्या, अस्थिपंजर झालेल्या तरुण मुलींच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, रक्तात लेप्टिन अगदी कमी असते, पण त्यांच्या हाडांच्या पोकळीत चरबी नेहमीपेक्षा जास्त सापडते आणि हाड ठिसूळ असते. वाढीच्या वयात कमी खायला घातलेल्या उंदरांतही हेच दिसते. उपासमारीत शरीर हाडाच्या आत चरबी का साठवते, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळायचे आहे.

लांबीची गोष्ट वेगळी. टोपीखालच्या त्या कूर्चेतल्या पेशींवरही लेप्टिनचे ग्राहक असतात. इस्रायलमधल्या गालिया गॅट-याब्लोन्स्की आणि मोशे फिलिप यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरांचे खाणे कमी केले, त्यांची वाढ खुंटली. खाणे तितकेच कमी ठेवून लेप्टिन दिले, तर वाढ बऱ्याच अंशी पुन्हा सुरू झाली. म्हणजे कूर्चा अन्नाची चणचण काही अंशी लेप्टिनच्या भाषेतून ऐकते. लठ्ठ मुले लहानपणी वर्गात उंच दिसतात, वयातही लवकर येतात, त्यामागे हे एक कारण असू शकते. एकमेव नक्कीच नाही, कारण इन्सुलिन आणि वाढीची इतर संप्रेरकेही त्यांच्यात बदललेली असतात.

माणसात थेट पुरावा विरळा. १९९७ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली आणि सदफ फारुकी यांच्या गटाने पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातल्या दोन चुलत भावंडांत जन्मजात लेप्टिन नसल्याचे दाखवले. अशा मुलांची भूक आवरत नाही, वजन भयंकर वाढते, आणि उपचार मिळाला नाही तर ती वयातच येत नाहीत, म्हणून त्या वयातली उंचीची उसळीही येत नाही. रोज लेप्टिनची सुई दिली की भूक आवरते आणि योग्य वयात पौगंडावस्था सुरू होते. २००४ मध्ये बॉस्टनमध्ये अतिव्यायामाने किंवा कमी वजनाने पाळी थांबलेल्या काही स्त्रियांना काही महिने लेप्टिन दिले, तेव्हा काहींची पाळी परतली आणि हाड बांधले जात असल्याच्या खुणा रक्तात वाढल्या. बोटांवर मोजण्याइतक्या स्त्रियांचा हा अभ्यास, पण माणसात लेप्टिनची उणीव हाडाला बाधते याची साक्ष तो देतो.

हाड ऐकतेच, बोलतेही. कार्सेंटी यांच्याच गटाने २००७ मध्ये मांडले, की ऑस्टिओब्लास्ट जे ऑस्टिओकॅल्सिन नावाचे प्रथिन सोडतात ते स्वादुपिंडाला आणि चरबीला संदेश देते आणि साखरेच्या चयापचयात भाग घेते. हा सिद्धान्त गाजला. २०२० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी नव्याने घडवलेल्या, ऑस्टिओकॅल्सिन नसलेल्या उंदरांत मात्र तो परिणाम दिसला नाही. या पुस्तकात त्यावरचे प्रकरण अपुरे वाटेल, ते अपुरेच ठेवले आहे. निकाल लागायचा आहे.

हे सगळे वाचून आपल्याकडचा वाचक विचारील, उंदीर, मेंढ्या, बॉस्टन झाले, आमचे काय? याचे उत्तर पुण्यात आहे. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साउथॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांच्यासह १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा, त्यांच्या गर्भारपणाचा आणि मुलांचा पाठपुरावा सुरू केला. बाळे जन्मली ती सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेरची, इंग्लंडमधली साडेतीनच्या. वजन कमी म्हणजे सगळेच कमी, असा सर्वांचा समज होता. मोजपट्टी आणि त्वचेची घडी मोजणारा चिमटा यांनी वेगळेच सांगितले : दंड बारीक, पोट बारीक, स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी जवळजवळ जपलेली. पुढे नाळेच्या रक्तातही तेच आढळले. पुण्याच्या बाळांचे वजन लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा कितीतरी कमी, पण लेप्टिन त्या मानाने कमी नव्हते आणि इन्सुलिन जास्त होते. आपली माणसे जन्मतःच बारीक आणि चरबीदार असतात. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे राहिलेला फोटो आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२.

आता या फोटोकडे हाडाच्या अभ्यासकाच्या डोळ्याने पाहा. मधुमेहाच्या तज्ज्ञाला त्यात उद्याची साखर दिसते. आपल्याला दिसायला हवे, की सारख्या वजनाच्या दोन शरीरांत हाडाला मिळणारा चरबीचा निरोप वेगळा आहे आणि स्नायूंचा ओढाही वेगळा आहे. पाश्चात्त्य अभ्यासांत ‘बारीक’ म्हणजे चरबी कमी, लेप्टिन कमी. आपल्याकडे बारीक माणसाच्या अंगात चरबी असते, स्नायू नसतो. तिथली समीकरणे इथे जशीच्या तशी बसणार नाहीत.

पुण्याच्याच अभ्यासात हाडही मोजले गेले. सहा वर्षांच्या सुमारे ७०० मुलांची क्ष-किरणांच्या दोन ऊर्जांनी केलेली तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भारपणात ज्या आयांच्या ताटात दूध, डाळी, पालेभाजी, फळे, मांस-मासे असे कॅल्शियम देणारे पदार्थ वारंवार होते आणि ज्यांच्या रक्तात फोलेट चांगले होते, त्यांच्या मुलांच्या हाडात खनिज अधिक होते. सहा वर्षांनंतरही! पुण्यातच जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये भारतीय मुलांच्या हाडांसाठी संदर्भ-आलेख तयार केले. नाहीतर आपली मुले अमेरिकन मुलांच्या मापाने कमी पडत राहिली असती.

धाराशिवला मी हे क्षेत्र का बोलावतो आहे ते आता सांगतो. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत हा एक. पाऊस बेभरवशाचा, आणि दिवाळीच्या आसपास भूम, परंडा, वाशी, कळंबच्या वाड्या-तांड्यांवरून मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या तोडणीसाठी उसाच्या पट्ट्यात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरे सोबत, कोपीत. गाळप संपेपर्यंत शाळा तुटते, अंगणवाडीचा आहार तुटतो, ज्वारीची भाकरी आणि चटणी यांवर दिवस निघतो. कष्ट मात्र मोठ्या माणसाएवढे, आणि त्या पोरींचे लग्नही लवकर. हाडाची जन्मभराची पुंजी विशीच्या आसपासपर्यंत जमते, त्यातला मोठा वाटा पौगंडावस्थेतल्या मोजक्या वर्षांत. नेमक्या त्या वर्षांत वर्षातले पाच-सहा महिने अन्न तुटपुंजे आणि उरलेले महिने बरे, अशा हेलकाव्याचे त्या मुलीच्या लेप्टिनला, कूर्चेला, मज्जेला काय होते? उंदरांवर कमी आहाराचे प्रयोग ढीगभर आहेत. दर वर्षी ठरल्या हंगामात येणारी आणि जाणारी ही चणचण त्यांत सहसा धरलेली नसते. ही मुले प्रयोगाची साधने नाहीत हे आधी मनात पक्के करून, त्यांच्या पोषणाची सोय करणाऱ्या कामाचा भाग म्हणूनच हे मोजावे, असे माझे ठाम मत आहे. घटलेले वजन आणि उपाशीपण दिसत असताना नुसते रक्त काढून नेणे हा अपराध होईल.

अभ्यासाची दुसरी वाट गोठ्यातून जाते. उस्मानाबादी शेळी, काळी, काटक, कमी पाल्यावर तगणारी, बऱ्याचदा जुळी करडे देणारी. हाडाच्या शस्त्रक्रियांच्या आणि रोपणांच्या अभ्यासात जगभर मेंढ्या आणि शेळ्या वापरतात, कारण त्यांच्या हाडाची जाडी आणि त्याची झीज-बांधणी उंदरापेक्षा माणसाच्या जवळची. पण अवर्षणाच्या साली गाभण राहिलेल्या शेळीच्या जुळ्या करडांत कोण खुरटते, कोण वाढते, त्यांच्या नळीत मगज किती, टोपीखालची कूर्चा किती जाड, हा प्रश्न कुठल्या पशुवैद्यक विद्यार्थ्याने हाती घेतला तर त्यासाठी एकही जनावर वेगळे मारावे लागणार नाही. खाटकाकडे रोज हाडे पडतात. करडाचे वय, वजन आणि साल लिहून ठेवणारी वही आणि एक करवत एवढ्यावर पहिला टप्पा पार पडेल.

मुलांसाठीचे साधनही महागडे असण्याची गरज नाही. उंची महिन्याभरात इतकी थोडी वाढते, की नेहमीच्या फळीवर ती चुकते. गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजणारे एक यंत्र असते, मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजणारे. त्यावर दोन-तीन आठवड्यांतली वाढही दिसते. टोळी निघण्याआधी एकदा, हंगामातून परतल्यावर एकदा, आणि पावसाळ्यात खरीप उभा असताना एकदा, असे तीन वेळा मोजले आणि सोबत दंडावरची त्वचेची घडी घेतली, तर हंगाम हाडाच्या वाढीवर उमटतो का हे कळेल. लेप्टिनसाठी थेंबभर रक्त लागते, ते थंड ठेवून पुण्या-सोलापूरच्या प्रयोगशाळेत पोचवता येते. ते पुढच्या टप्प्याला. या पुस्तकातले मोजमापाचे प्रकरण त्यासाठीच इतर प्रकरणांच्या आधी घेतले आहे. ज्याला पेशींची गोडी आहे त्याने ते ओलांडून थेट मज्जेच्या प्रकरणाकडे जावे, पण ज्याच्या शाळेतली, अंगणवाडीतली किंवा दवाखान्यातली मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होतात, त्याने तिथूनच सुरुवात करावी.